जलरंगात शांत पाणी आणि शिडाची होडी: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर उन्हाळ्यात भुसावळला मी जलरंगाचा सुट्टीचा वर्ग घेतो, आणि दर वर्षी सगळ्यांना आधी हेच चित्र हवं असतं: निवांत पाणी, त्यावर एक शिडाची होडी, मागे धूसर डोंगर. सहावी-सातवीची पोरं असोत की रेल्वेतून निवृत्त झालेले काका, प्रश्न जवळपास तेच. ते इथे एकत्र करून ठेवतोय. जलरंगाची बरीच पुस्तकं थंड, दमट हवेच्या देशांत लिहिली गेली. त्यांत दिलेल्या वाळण्याच्या वेळा आपल्याकडे मे महिन्यात कामाला येत नाहीत, म्हणून आपल्या उन्हाचा आणि आपल्या पाण्याचा हिशेब धरून उत्तरं दिली आहेत.

आपल्याकडे समुद्र नाही. शिडाची होडी आम्ही कधी जवळून पाहिलेली नाही. मग ती रंगवायची कशी?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो. तापीवर, गिरणेवर शिडाची होडी सहसा दिसत नाही. आपल्याकडे वल्ह्याची नाव, डोंगा, धरणावर मासे धरणाऱ्यांचा थर्माकोलचा तराफा. पण जळगावहून साधारण ६० किलोमीटरवर अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेणीत एक जहाज रंगवलेलं आहे. तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच, उभी शिडं आणि मागच्या बाजूला ओळीने मांडलेले घडे. पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेतलं ते जहाज पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगवलं गेलं, तेही समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, वाघूर नदीच्या कड्यावर. बॅटरीच्या उजेडात ते पाहिलं की समुद्र लांब असल्याची तक्रार उरत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या चाळीसगावचं. केकी मूस (१९१२–१९८९) आयुष्याचा मोठा काळ घराबाहेर फारसे पडलेच नाहीत, आणि घरातल्या टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी मोकळ्या निसर्गाचे देखावे छायाचित्रांत उभे केले. ‘टेबल टॉप’ छायाचित्रणासाठी त्यांचं नाव जगभर गेलं. त्यांचं घर आज कलादालन आहे. एकदा जाऊन याच.

त्यांच्यापासून धडा घेऊन मी वर्गात परात मांडतो. पितळेची किंवा स्टीलची मोठी परात, तळाशी काळा कपडा, त्यावर तीन बोटं पाणी. मेण लावलेल्या कागदाची होडी, डोलकाठीला खराट्याची काडी, शिडाला वहीचा कागद. खोलीचे पडदे ओढायचे आणि एकाच खिडकीतून उजेड घ्यायचा. मग डोळे पाण्याच्या पातळीजवळ आणून, अगदी जमिनीवर पोट टेकून पाहायचं. शीड, त्याची सावली, पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं तिथे मिळतं. पुढची निम्मी उत्तरं मी या परातीतच शिकलो.

कागद कोणता घ्यावा?

पैसे कमी असतील तर रंगात काटकसर करा, कागदात करू नका. ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड), थोडा खरबरीत, जलरंगासाठीच बनवलेला कागद घ्या. शंभर टक्के कॉटनचा परवडला तर उत्तम, कारण तो पाणी धरून ठेवतो आणि आपल्या हवेत त्याचीच गरज असते. ड्रॉइंगच्या वहीचा कागद पाणी लागताच पापडासारखा वर येतो, रंग खळग्यांत साचतो आणि आकाशावर पट्टे पडतात. मग मूल म्हणतं, मला जमत नाही. दोष कागदाचा असतो.

पूर्ण शीट २२ बाय ३० इंचांची येते. तिचे चार तुकडे करा, प्रत्येक ११ बाय १५ चा होतो. नवशिक्यांनी आठवा तुकडा, म्हणजे शीटचा आठवा हिस्सा, घ्यावा. मे महिन्यात तर मीही आठव्या तुकड्यावरच काम करतो.

रंग किती लागतात? २४ चा बॉक्स घेऊ का?

नको. सहा पुरतात: अल्ट्रामरीन ब्लू, सेरुलियन किंवा कोबाल्ट ब्लू, बर्न्ट सायना, यलो ऑकर, एक लख्ख पिवळा आणि एक गुलाबीकडे झुकणारा लाल. काळा तर उघडूच नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना मिसळले की असा करडा मिळतो, जो निळ्याकडे झुकवला तर ढगाची सावली होतो आणि तांबड्याकडे झुकवला तर होडीचं लाकूड. या एका जोडीवर अख्खं चित्र उभं राहतं, आणि सगळीकडे तेच दोन रंग फिरत असल्यामुळे चित्र आपोआप एकजीव होतं.

अल्ट्रामरीनबद्दल थोडं जास्त सांगतो. पूर्वी हा निळा लाजवर्द नावाच्या दगडापासून करायचे, आणि तो दगड अफगाणिस्तानातून यायचा. अजिंठ्यातल्या निळ्यात तोच आहे. कारखान्यात तयार होणारा अल्ट्रामरीन १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये निघाला आणि तेव्हापासून हा रंग सामान्य माणसाच्या हातात आला. ट्यूबमधला रंग कागदाला धरून ठेवतो तो डिंक, आपल्या बांधावरच्या बाभळीच्या भावकीतल्या झाडाचा. मुलांना हे सांगितलं की ती रंग वाया घालवत नाहीत.

ब्रश?

गोल ४ नंबर, गोल १० किंवा १२ नंबर, आणि एक इंची चपटा. ओला केल्यावर टोक सुईसारखं जमलं तर घ्यायचा. झालं.

मे महिन्यात वॉश (पातळ रंगाचा सपाट हात) लावेपर्यंत कागद वाळून जातो. काय करावं?

खान्देशात जलरंग शिकणाऱ्याची खरी लढाई ही आहे. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो आणि हवा कोरडी ठाक असते. धुळ्याकडून सुट्टीला आलेली एक मुलगी पहिल्याच दिवशी ओरडली, “सर, पानी सुकी गय!” तिने कागदाचा वरचा भाग ओला करून रंगात ब्रश बुडवला होता, तेवढ्यात.

मी स्वतः पहिली दोन वर्षं या उन्हाशी झटापट करत होतो. दुपारी गच्चीच्या खोलीत, डोक्यावर पंखा, आणि आकाश रंगवायला बसायचो. प्रत्येक आकाशावर मधोमध आडवी रेघ, पहिला हात वाळून दुसरा पोचायच्या आत पडलेली. रंग बदलले, ब्रश बदलले. मग एका पहाटे, लाइट गेली म्हणून पंखा बंद असताना, तोच कागद, तेच रंग, आणि आकाश एका हातात सपाट उतरलं. त्या दिवसापासून मी घड्याळ आणि हवा सांभाळतो.

वेळ सकाळी सहा ते साडेआठ. त्यानंतर पेन्सिलचं काम करा, रंगाचं नको. पंखा बंद. कूलर चालेल, उलट चांगलाच, कारण वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा दमट असते. फक्त झोत थेट कागदावर नको, कूलरकडे पाठ करून बसा. कागद दोन्ही बाजूंनी ओला करा: आधी मागची बाजू, मग पुढची, दोन-तीन मिनिटं मुरू द्या, पुन्हा एक हात. बोर्ड सनमायकाचा किंवा काचेचा असला की ओला कागद त्याला चिकटून बसतो आणि खालून वाळत नाही. प्लायवूडचा कच्चा बोर्ड पाणी पिऊन टाकतो.

रंगाच्या पाण्याची वाटी वेगळी ठेवा आणि तिच्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाका. त्याने ओल जरा टिकते. जास्त टाकलंत तर रंग चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते, आणि आपल्याकडच्या वावटळीत धूळ काही कमी नसते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आकाशाचे रंग कागद ओला करायच्या आधी कालवून ठेवा, भरपूर, तळं होईल इतके. ओल्या कागदासमोर ट्यूब पिळत बसायला आपल्याकडे वेळ नसतो.

पावसाळ्यात सगळं उलटं होतं. तेव्हा वॉश अर्धा तास वाळत नाही, आणि केस वाळवायचा ड्रायर लांबून फिरवावा लागतो.

बोअरचं पाणी चालतं का?

चालतं, पण आपल्याकडच्या बऱ्याच बोअरच्या पाण्यात क्षार खूप असतात. रिकामी पॅलेट वाळली की पांढरा थर दिसतो, तोच चित्रातही जातो. फिल्टरचं पाणी घ्या. दोन भांडी ठेवा: एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ.

क्षितिज कुठे घ्यायचं आणि होडी कुठे ठेवायची?

शाळेत आपण सगळ्यांनी तेच काढलंय: दोन डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, नदी, आणि नदीच्या बरोबर मधोमध होडी, तिच्यावर झेंड्यासारखं तिकोनी शीड. त्या चित्राला मी नावं ठेवत नाही, हात तिथूनच वळतो. आता एवढं करा: क्षितिज कागदाच्या मध्यावरून खाली आणा, साधारण खालच्या तिसऱ्या भागावर. होडी मध्यापासून थोडी बाजूला. तिचं तोंड चित्राच्या आतल्या बाजूला, म्हणजे तिच्यापुढे जायला पाणी उरेल. तोंड कडेकडे केलं तर नजर होडीबरोबर फ्रेमच्या बाहेर निघून जाते.

क्षितिजाची रेषा मात्र पट्टीने. एका बाजूला जरा जरी कलली तर पाणी सांडतंय असं वाटतं, आणि मग कितीही नाजूक रंगवा, शांत वाटत नाही. मी मास्किंग टेपची पट्टी लावून वरचं आकाश रंगवतो आणि वाळल्यावर ती काढतो.

एकच होडी काढा. दोन काढल्या की नजर दोघींत ये-जा करते. फार वाटलं तर लांब, नखाएवढी दुसरी.

शीड पांढरं कसं ठेवायचं? पांढरा रंग वापरायचा का?

शीड म्हणजे न रंगवलेला कागद. जलरंगात पांढरा रंग आपण लावत नाही, राखतो. पहिला ब्रश उचलायच्या आधी शिडाची जागा ठरलेली असते आणि शेवटपर्यंत तिला हात लावायचा नसतो. माझ्या मते या अख्ख्या विषयाचा जीव इथेच आहे. होडी निवांत वाटते कारण चित्रात एक जागा अशी असते जिथे कुणी काही केलेलं नाही.

राखायचे तीन मार्ग आहेत. पहिला, ब्रश शिडाच्या कडेने फिरवणं. हात बसायला वेळ लागतो, पण कड जिवंत येते. ओल्या कागदावर करायचं असेल तर कागद ओला करतानाच शिडाचा तिकोन कोरडा सोडा, रंग कोरड्या जागेत शिरत नाही. दुसरा, मास्किंग फ्लुइड. जुन्या ब्रशने लावा, ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून, नाहीतर ब्रश गेलाच. उन्हाळ्यात ते लावलेला कागद उन्हात किंवा तापलेल्या खोलीत ठेवून विसरू नका. ते घट्ट बसतं आणि सोलताना कागदाचा पापुद्रा घेऊन निघतं. मार्चमध्ये गच्चीवर राहिलेल्या माझ्या एका चांगल्या चित्राचं शीड असंच फाटलं. तिसरा मार्ग, मास्किंग टेपचा तिकोन कापून चिकटवणं. लहान मुलांना हाच सोपा.

शीड राखल्यावर ते अगदी कोरं ठेवू नका. कापडाला सावली असते. उजेडाच्या विरुद्ध कडेला अल्ट्रामरीनचं अगदी पातळ पाणी, आणि खाली, होडीजवळ, यलो ऑकरचा इवलासा स्पर्श. परातीत पाहिलंत तर कळेल, पाण्यावरून उसळलेला उजेड शिडाच्या खालच्या भागाला उबदार करतो. ऊन पलीकडून येत असेल तर कापड उजळून निघतं. उन्हाकडे धरलेलं धोतर किंवा दांडीवर वाळत घातलेला पंचा एकदा नीट बघा.

पांढऱ्या पोस्टर कलरला माझी पूर्ण मनाई नाही. डोलकाठीवरची एक चमक, एखादा दोर, तेवढ्यापुरता घ्या.

शिडाचा आकार आणि वाऱ्याची दिशा यांत नेमकं काय सांभाळायचं?

दोन जाती लक्षात ठेवा. हल्लीच्या नौकेला दोन तिकोन असतात: डोलकाठीच्या मागे मोठा, पुढे लहान. कोकणातल्या जुन्या मचव्याला, गलबताला एक लांब तिरपी काठी असते आणि तिच्यावर मोठं शीड लटकतं. मला दुसरा आकार जास्त भावतो, तिरप्या रेषेमुळे चित्राला डौल येतो.

शीड म्हणजे पतंग नव्हे, त्याच्या कडा सरळ नसतात. वारा भरला की मागची कड बाकदार होते. दोन्ही शिडं एकाच बाजूला फुगतात, आणि होडी वारा जिकडे जातो तिकडे किंचित कलते. टोकाला निशाण लावलं तर तेही त्याच दिशेला. मुलं शीड डावीकडे फुगवतात आणि झेंडा उजवीकडे फडकवतात, तेवढ्याने डोळ्याला खुपतं. पाणी आरशासारखं दाखवायचं असेल तर वारा जवळपास नाहीच. मग शीड फुगलेलं नको, जरा सैल, एखादी चुणी पडलेलं.

संध्याकाळचं आकाश रंगवताना पिवळा आणि निळा मिळून हिरवं होतं. ते कसं टाळायचं?

दोघांच्या मध्ये गुलाबी ठेवा. कागद ओला असताना क्षितिजाजवळ पातळ पिवळा, त्यावर गुलाबी, आणि वरून निळा खाली आणताना गुलाबीवरच थांबवा. निळा-गुलाबी मिळून जांभळा होतो, तो संध्याकाळीच शोभतो. बोर्ड थोडा उलटा, म्हणजे वरची कड खाली करून धरला तर निळा पिवळ्याकडे वाहत नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात धुळीमुळे क्षितिज मळकट सोनेरी दिसतं. तिथे लख्ख पिवळ्याऐवजी यलो ऑकर घ्या, लगेच तापीकाठचं आकाश वाटेल.

पाणी शांत कसं दाखवायचं?

कमीत कमी कामात. शांत पाणी म्हणजे उलटं आकाश. आकाशाला जे रंग दिले तेच पाण्याला, एक छटा गडद. वरचा निळा खाली येतो, क्षितिजाजवळचा पिवळा पाण्यातही क्षितिजाजवळच राहतो.

यात एक बारकावा. लांबच्या पाण्याकडे आपण तिरपं पाहतो, म्हणून तिथे आकाश परावर्तित होतं आणि पाणी उजळ दिसतं. पायाजवळच्या पाण्यात जवळजवळ सरळ खाली पाहतो, म्हणून पाण्याचा स्वतःचा रंग दिसतो. तेव्हा कागदाच्या खालच्या कडेकडे रंग गडद करत या. त्यात बर्न्ट सायना मिसळला की तळाची काळी माती जाणवते. पावसाळ्यातल्या तापीसारखं गढूळ पाणी हवं असेल तर ऑकर वाढवा, पण पुराच्या पाण्यात शिडाची होडी निवांत वाटणार नाही, त्यासाठी हिवाळा बरा.

लाटा काढू नका. तीन-चार आडव्या रेघा, क्षितिजाजवळ केसासारख्या बारीक, पुढे येताना रुंद आणि विरळ. आणि लांब, पाणी जिथे काठाला टेकतं तिथे एक बारीक पांढरी फट कोरी सोडा. तिथे वाऱ्याची झुळूक पाण्यावर शहारा आणते, तो उजेडाचा पट्टा असतो. हतनूरच्या जलाशयावर सकाळी उभे राहिलात तर तो स्पष्ट दिसेल.

चमचमतं पाणी हवं असेल तर दोन उपाय. खरबरीत कागदावर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा, भराभर ओढा, कागदाचे उंचवटे पांढरे राहतात. किंवा रंगाच्या आधी मेणबत्तीचा तुकडा आडवा घासा. मिठाचा प्रयोग या चित्रात करू नका, त्याने पाणी अस्वस्थ दिसतं.

प्रतिबिंब चुकतं. नियम काय?

परात काढा. सरळ खराट्याची काडी उभी धरा: प्रतिबिंब बरोबर खाली, तेवढंच लांब. काडी उजवीकडे कलवा: प्रतिबिंबही उजवीकडेच कलतं. इथे निम्मे लोक चुकतात आणि डावीकडे काढतात. आता काडी स्वतःकडे झुकवा: प्रतिबिंब काडीपेक्षा लांब दिसतं. पलीकडे झुकवा: आखूड. दहा मिनिटांत जे कळतं ते आकृत्यांवरून वर्षभरात कळत नाही.

रंगाचा नियम असा: उजळ गोष्टीचं प्रतिबिंब जरा गडद, गडद गोष्टीचं जरा फिकं. म्हणजे पांढऱ्या शिडाचं प्रतिबिंब कोरं पांढरं नसतं, त्यात आकाशाचा निळा उतरलेला असतो. आणि होडीच्या काळपट अंगाचं प्रतिबिंब होडीइतकं काळं नसतं.

ते लावायचं ओल्यावर, उभ्या फटक्याने, कडा मऊ ठेवून. मग स्वच्छ, दमट चपटा ब्रश एकदा आडवा ओढा. एकदाच. दुसऱ्यांदा मोह होतो, तेव्हा ब्रश खाली ठेवून पाणी पिऊन या.

होडी पाण्याला जिथे टेकते तिथे एक बारीक गडद रेषा द्या. ती नसेल तर होडी हवेत तरंगते.

वाळताना आकाशात फुलकोबीसारखे डाग पडतात. का?

अर्धवट वाळलेल्या रंगात जास्त ओला ब्रश टेकला की नवं पाणी जुन्या रंगाला कडेला ढकलतं, आणि दातेरी कड उमटते.

कागदाची चमक वाचायला शिका. पहिल्यांदा आरशासारखी चमक असते, पाणी वर तरंगतंय. मग मऊ, रेशमासारखी चमक येते, हीच रंग सोडायची वेळ. मग चमक जाते, पण बोटांची मागची बाजू टेकवली तर कागद गार लागतो. या वेळी काहीही करायचं नाही. गारवा गेला की कागद वाळला, आता पुढचा थर चालेल. उन्हाळ्यात रेशमी चमक मिनिटभरही टिकत नाही, म्हणून डोळा कागदावरच हवा.

डाग पडलाच तर खोडत बसू नका. बरेचदा तो ढग म्हणून खपतो.

होडी कोकणातली आणि मागे सातपुडा, हे चालेल का?

चित्रात चालतं. आणि तितकं परकंही नाही. आपली तापी मुलताईला उगम पावते, ७०० किलोमीटरहून जास्त वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. सुरतेच्या बंदराबाहेर एके काळी देशोदेशींची शिडाची जहाजं नांगरलेली असायची आणि बुऱ्हाणपूरचा माल खान्देशातून तिकडे जायचा. हेच पाणी शेवटी शिडांखाली जात होतं.

सातपुडा दूरवर निळसर, सपाट ठेवा. कोबाल्टमध्ये किंचित गुलाबी, भरपूर पाणी, एकाच हातात. डोंगराचा पायथा ओल्या ब्रशने पुसून पाण्याच्या धुक्यात विरघळवा. त्याच्यापुढची दुसरी रांग जरा गडद. यावल-रावेरकडचा काठ असेल तर एका कोपऱ्यात केळीची दोन-चार फाटकी पानं पुरेत. अख्खी बाग काढलीत तर होडी मागे पडते.

डोलकाठी आणि दोर थरथरीत येतात.

कागद पूर्ण वाळू द्या, हात मनगटातून नको, खांद्यातून फिरवा, आणि डोलकाठी खालून वर एका दमात ओढा. वर जाताना दाब कमी. तुटली तर तुटू द्या, उजेडात काठी मध्येच हरवल्यासारखी दिसते, ते खरंच वाटतं. दोर दोनच.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना याचा उपयोग होतो का?

वॉशवरचा ताबा आणि प्रतिबिंबाची समज स्मरणचित्रात उपयोगी पडते. पण मुलाला परीक्षेसाठी हे चित्र पाठ करायला लावू नका, विषय वेगळा आला की ते अडतं.

सरावाला कुठे जावं?

हतनूर, हिवाळ्यात, पहाटे. स्थलांतरित पक्षी असतात, त्यामुळे आवाज न करता बसा. मुक्ताईनगरजवळ चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम, तिथे दोन पाण्यांचे रंग शेजारी पाहायला मिळतात. नंदुरबार जिल्ह्यात प्रकाशा आणि सारंगखेडा, जिथे बॅरेजमुळे तापीचं पाणी तुंबून स्थिर राहतं आणि प्रतिबिंब लांबच लांब पडतं. जळगावकरांना मेहरूण तलाव घरचाच. वही आणि पेन्सिल न्या, रंग घरी येऊन लावा. मोबाइलचा फोटो आठवणीपुरता ठीक, पण त्यात आकाश भाजून पांढरं होतं आणि सावल्या काळ्या होतात. तसंच रंगवलंत तर मऊपणा जातो.

जलरंग फिकेच दिसतात का? तैलरंगासारखी खोली येत नाही?

म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र पाहा. सावंतवाडीच्या या माणसाने ते जलरंगात केलंय आणि बऱ्याच लोकांना ते तैलरंगातलंच वाटतं. शांत पाण्यासाठी मात्र कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांची रंकाळ्याची चित्रं शोधा. पाण्याला किती कमी हात लावायचा ते त्यांच्याकडून शिकावं.

आपली चित्रं फिकी पडण्याचं कारण मात्र साधं असतं: रंग ओला असताना जितका गडद दिसतो तितका वाळल्यावर राहत नाही. होडीचं अंग लावताना धीर करून दाट रंग घ्या.

चित्र घरात कुठे लावावं?

पश्चिमेच्या भिंतीच्या आतल्या बाजूला नको, दुपारपासून तापलेली असते. ज्या भिंतीवर थेट ऊन येतं तिथेही नको. लाल रंगांपैकी क्रिमसन आणि अलिझरीन उन्हाने लवकर उडतात आणि संध्याकाळचं आकाश दोन-तीन उन्हाळ्यांत निळं पडतं. काच आणि चित्र यांच्यामध्ये जाड माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घ्या, म्हणजे पावसाळ्यात कागद काचेला चिकटत नाही. फसलेल्या चित्रांचे कागद टाकू नका. मागची बाजू कोरी असते, पुढच्या वर्षी मे महिन्यात आकाशाचा वॉश आधी तिच्यावर लावून बघता येतो, त्या दिवशी हवा किती कोरडी आहे ते कळायला.